तात्पुरती फाईल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
बत्तीस मागांना सेन्सर लावलेत.
तुटलेला धागा, अडकलेला धोटा,
सगळं वरच्या खोलीत माझ्याकडे वाहत येतं.

एवढं मेमरीच्या पोटात मावत नाही.
म्हणून घोट घोट लिहितो
एका तात्पुरत्या फाईलीत.
तिचं नाव मशीनच ठेवतं,
सात-आठ अक्षरांचा चोथा.
बंद झाली की पुसली.

लच्चव्वा आत्या कांड्या भरायची.
मोठ्या कोनावरचं सूत, थोडं थोडं.
कांडीला कुणी नाव ठेवतंय व्हय, म्हणायची,
आणि रिकामी झालेली टोपलीत टाकायची.

काल दुपारी लाईट गेली. त्रेचाळीस अंश.
यूपीएस दोन मिनिटं किंचाळला, मग तोही.
लाईट आल्यावर फोल्डर उघडलं तर
पुसायची राहून गेलेली एक,
बावीस नंबरच्या मागाची.
शेवटची ओळ:
दोन सत्तेचाळीस, धागा साबूत, वे

वेग लिहायचा असणार.

डिलीटवर बोट ठेवून बसलो.
खाली माग खडखडायला लागले होते,
नवी फाईल उघडलीही होती,
भरत होती.