चौथ्या शतकातला न

एलआयसीच्या जुन्या डायरीत
मी एक भाषा वाढवतोय, गेली एकोणीस वर्षं.
धायरीच्या फ्लॅटमध्ये, जेवणं उरकल्यावर,
ओट्यावरचं ओलं फडकं वाळेपर्यंत.

तिला अजून नाव नाही.
तिच्या लोकांना नदी आहे, डोंगर आहे, समुद्र नाही;
म्हणून भरतीला शब्द नाही.
पण उच्चारांना इतिहास आहे, तो मी नेटाने लिहिलाय.

पहिल्या शतकात दोन स्वरांमध्ये सापडलेला क
मऊ होऊन ग झाला.
दुसऱ्यात ग चा य, तिसऱ्यात नुसता श्वास.
'तकुमा' म्हणजे चूल.
तगुमा, तयुमा, मग तउमा,
आणि आता तोमा.
म्हणताना ओठांची फुंकणी होते.
हे मी ठरवलं नव्हतं.
नियम लावत गेलो, फुंकणी आपोआप आली.

शब्दाच्या शेवटचा इकार गळाला,
पण जाताना आधीच्या अ चा ए करून गेला,
जसा भाडेकरू खोली सोडतो
आणि भिंतीत खिळा राहतो.

अपवाद एकही नाही.
एका शब्दात बदललं की सगळ्यांत बदलतं,
राजाच्या तोंडात, हमालाच्या तोंडात,
शिवीत आणि मंत्रात.

आणि चौथ्या शतकात ण गेला.
सगळीकडून, एका पिढीत.
जीभ टाळूकडे वळायची थांबली
आणि दातांमागे जाऊन टेकली.

शाल्मली विचारते
(पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सध्या थाल्मली):
"पण बदलायला थांगितलं कुणी त्यांना?"
कुणीच नाही, मी म्हणतो.
दमलेली माणसं बोलतात,
ऐकणारी समजून घेतात. इतकंच.

तिला हे सांगत नाही, की
तिची आजी, हौसा, वेल्ह्याकडची,
जनता वसाहतीतून उतरून
नारायण पेठेत पोळ्या लाटायला जायची.
एकदा म्हणाली, "वैनी, पानी गेलं."
आतून कुणीतरी हसत म्हणालं,
"अगं, पानी नाही, पाणी. म्हण बघू. पा-णी."
मी दाराशी बसलेलो, सहा वर्षांचा,
हातात तूप लावून गुंडाळलेली पोळी.
आईने म्हटलं. तीनदा.
नळाला तरी आलं नाही.

मी मात्र शिकलो.
वसाहतीच्या पायऱ्या चढताना घोकायचो:
लोणी, कोण, आणि, कारण, आपण.
आज माझ्या ण वरून
कुणाला माझा जुना पत्ता काढता येणार नाही.

ससूनमध्ये शेवटच्या रात्री आई काहीतरी पुटपुटली.
"पाणी?" मी विचारलं.
स्वच्छ, टाळूवरून.
तिने माझ्याकडे बघितलं,
जसं काउंटरमागच्या माणसाकडे बघतात,
आणि मान हलवली.

असो. डायरीत पाचवं शतक सुरू व्हायचंय.
त्यात एक पंडित जन्माला येणार आहे,
तो कुठल्याशा शिलालेखात ण शोधून काढेल
आणि लोकांना दुरुस्त करत गावभर फिरेल.
त्याचं काय करायचं, अजून ठरत नाही.
तूर्त त्याला नळाच्या रांगेत उभा केलाय,
पुढे एक बाई, मागे एक बाई,
दोघींच्या बोलण्यात एकही ण नाही,
आणि त्याला तहान लागलीय.