जूनमध्ये गोष्ट नाही

ॲबर्डीनला जूनमध्ये रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल.
साडेदहा वाजले, सीगल अजून भांडतायत
कचऱ्याच्या डब्यांवर,
समोरच्या ग्रॅनाइटच्या घरांवर
दळून ठेवल्यासारखा पांढुरका उजेड.

तळमजल्यावरच्या आयोकामावशी खिडकीशी.
मुलगा समुद्रात, तेलाच्या फलाटावर, दोन आठवडे;
सून रात्रपाळीला;
नातवंडं गालिच्यावर, दात घासून, हटून.
"आजी, कासवाची."
"उजेड आहे."
"पडदा ओढू?"
"पडदा म्हणजे रात्र नव्हे."

दिवसाउजेडी गोष्ट सांगू नये.
सांगितली तर काय होतं, मी विचारलं होतं एकदा.
त्यांच्या आईनं तेही दिवसा सांगितलं नव्हतं,
आणि रात्री विचारायचं राहून गेलं.

डिसेंबरात इथं साडेतीनलाच काळोख,
पोरांच्या ओल्या बुटांबरोबर गोष्टी घरात शिरतात,
कासव लबाड्या करून करून दमतं.
जूनमध्ये ते कुठे असतं?
"झोपलेलं," मावशी म्हणतात.
"सुट्टीवर," म्हणते आदुनी.

मी आले होते नुसतं पातेलं परत द्यायला
(रिकामं कसं द्यायचं, म्हणून आत मूठभर शंकरपाळे).
लेक बोटाला.
"हिच्या नावाचा अर्थ काय गं?"
त्यांच्यात नाव उगाच ठेवत नाहीत.
"शर्वरी म्हणजे रात्र," मी म्हटलं.

लेकेनं आधी ऐकलं. मग आदुनीनं.
मग दोघांनी माझ्या चार वर्षांच्या रात्रीला
हाताला धरून गालिच्याच्या मधोमध बसवलं.
"आजी, रात्र आली."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग पाय पोटाशी घेतले, आणि त्यांच्या गावची हाक:
"आलो ओ!"
"आलो!" पोरांनी ओ दिली.
योरुबात याचा अर्थ काही का असेना,
माझ्या कानाला कुणीतरी लांबून चालत येऊन
दारात वहाणा काढत होतं.
"आलो ओ!"
"आलो!"
आणि मधोमध बसलेली, व्याकरणाला पक्की,
शर्वरी म्हणाली, "आले!"

गोष्ट निघाली कासवाचीच,
त्यानं शेजारणीचं पातेलं नेलं
आणि तीन बाजार उलटले तरी दिलं नाही.
मी मान खाली घालून हुंकार देत राहिले.

संपताना मावशींनी गाल फुगवून
तोंडाची घंटा तीनदा वाजवली.
खोटं बोलले असते तर वाजली नसती, म्हणाल्या.
खिडकीत उजेड तसाच.
रात्र माझ्या मांडीवर झोपलेली,
मूठ मिटून, शंकरपाळ्यासकट.