इतिवृत्तात नसलेलं

माझं काम दिव्याचं.
हिरवा लागला की बोला,
पिवळा लागला की आवरतं घ्या,
लाल लागला की कितीही खरं असो, थांबा.
प्रत्येकी तीन मिनिटं.
एकोणीस वर्षं हे बटण माझ्या अंगठ्याखाली आहे.

आर्डिस हुकस्ट्रा दर फेब्रुवारीत येते.
आयोवाच्या पार वायव्य कोपऱ्यातून, दोनशे मैल,
पहाटे तीनला डुकरांना खाणं घालून निघते.
बुटांवर रस्त्यावरचं मीठ वाळलेलं,
हातात घडी पडून पडून मऊ झालेला कागद.
वाचत नाही, नुसता धरते.

"मी डुकरं विकून कर भरते," ती म्हणते.
"त्यातला एक डॉलर जरी गर्भपाताला गेला
तर त्या टेबलाशी माझाही हात असतो.
हा हात मी कुठे धुऊ?"
मग किल्ली वर करून दाखवते.
"चर्चच्या तळघरात अकरा पाळणे आहेत, दुपट्यांची कपाटं आहेत.
रात्री दोनला दार वाजलं तरी मी उघडते.
त्याला मी सरकारकडे छदाम मागितलेला नाही."
सभागृहातले काही मान हलवतात,
काही फोन बघतात.
मी लिहितो : श्रीमती हुकस्ट्रा, निधीला विरोध.

यंदा तिचं नाव दोन याद्यांत होतं.
दुसरं विधेयक शाळेचं :
मुलांचं काय चाललंय ते आईबापांना कळवायचं की नाही.
हिरवा लागला.
"डोकेदुखीच्या गोळीला माझी सही लागते.
बेडूक कापायच्या तासाला लागते.
चीज फॅक्टरीच्या सहलीला तर दोन, एक बसची, एक पोटाची,
दूध पचतं ना म्हणून.
आणि माझ्या पोटच्या पोरीचं
शाळेनं सात महिने पोटात ठेवलं."

एवढंच.
काय ठेवलं, ते ती बोलली नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक होते,
आणि ती नुसती उभी.
गप्प बसलेल्या माणसावर लाल दिवा लावायचा का,
याचा नियम आमच्याकडे नाही.

तिच्यानंतर थिओडोरा ब्लांशार, समुपदेशक, चष्मा कपाळावर.
ती म्हणाली, "काही घरांत खरं सांगितलं
की दाराला आतून कडी लागते, आणि पोरगी बाहेर.
अशा दोघींबरोबर मी बस येईपर्यंत थांबले आहे.
उणे अकरा होतं."
आर्डिसनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.
रागानं नाही. हिशेब लागत नसला
की माणूस बघतं, तसं.

दुपारी कॉरिडॉरमध्ये
खाऊच्या यंत्रात शेंगदाण्याचं पाकीट अडकलं होतं.
काचेला खांदा लावून दोघी ढकलत होत्या,
आर्डिस, आणि तिची जोलीन, एकोणीस-वीसची,
पहाटेपासून गाडी तिनंच चालवलेली,
सुनावणीभर शेवटच्या रांगेत, टोपी न काढता.
मी कॉफीच्या निमित्तानं मागेच उभा.
जोलीन काचेला म्हणाली,
"सांगणार होते गं तुला.
फेब्रुवारी होता. तू इथं आली होतीस."

पाकीट पडलं.
कुणी वाकलं नाही.
मग आर्डिसनं स्वतःच्या गळ्यातला मफलर काढला
आणि हीटर चालू असलेल्या त्या कॉरिडॉरमध्ये
पोरीच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले,
जरा जास्तच घट्ट.
बोलली नाही काही.
आणि मी? मी इतिवृत्त लिहिणारा,
माझ्या खिशात पेन होतं.

या फेब्रुवारीत ती पुन्हा आली.
तोच डॉलर, तोच हात, तीच किल्ली,
एक शब्द बदलला नाही. बदलेल असं मला वाटलंही नव्हतं.
फक्त "रात्री दोनला दार वाजलं तरी" इथं
ती थांबली,
आणि मागे वळून शेवटच्या रांगेकडे बघितलं.
तिथं कोण होतं, मला सांगता येणार नाही.
पिवळा लावायची वेळ झाली होती,
आणि मी अंगठा उचलून धरला होता.