बर्फाचा भाव

आधीच सांगून टाकते, मी तिला हसले होते.
किनाऱ्यावर हसणाऱ्या बायकांत माझाच आवाज मोठा.
अराबा एस्सुमान, मंगळवारी जन्मलेली,
नवऱ्यामागे राहिलेली होडी विकून
तिनं तेमाच्या बंदरातून यंत्र आणलं,
ट्रकमधून, गोणपाटात गुंडाळून,
आजारी बैल आणावा तसं.
"पाणी विकणार होय आम्हाला?" मी म्हटलं,
"समोर एवढा समुद्र पडलाय तो?"

ती म्हणाली, "पाणी नाही. दुपार."

मला कळलं नाही. कळून घ्यायची गरजही नव्हती;
दुपारवरच तर माझं घर चालायचं.
ऊन डोक्यावर आलं की मासळीचे डोळे पांढरे व्हायचे,
मग होडीवाले माझ्या धुराच्या भट्टीशी यायचे,
टोपली पुढ्यात ठेवायचे,
भाव विचारायचे नाहीत, ऐकायचे.
मी वाईट बाई नव्हते.
ऊन माझ्या बाजूचं होतं, एवढंच.

पहिलं वर्ष यंत्र रात्रभर खडखडायचं
आणि सकाळी निम्मा बर्फ वाळूत जिरायचा.
मंगळवारी आमचा समुद्र विसावा घेतो,
कुणी जाळं टाकत नाही, देवाचा नेम आहे.
यंत्राला तो नेम कुणी सांगितला नव्हता.

मग एके दिवशी फीफी अन्सा मला 'नाही' म्हणाला.
वीस वर्षांत पहिल्यांदा.
टोपलीत चार लाद्या टाकल्या
आणि सावलीला बसून ऊस चघळत राहिला,
जणू सूर्याशी त्याचं काही देणंघेणंच नाही.
दुसऱ्या दिवशी कुमासीचा ट्रक आला.
त्याला काय भाव मिळाला ते सांगणार नाही,
अजून पोटात दुखतं.

तीन महिने माझ्या भट्ट्या थंड.
तीन महिने मी अराबाच्या दारावरून
मान वळवून जात होते.
चौथ्या महिन्यात गेले. रोख मोजले. बर्फ घेतला.
आता ताजी मासळी घेते, जास्त भावानं घेते,
सावकाश धुरी देते, मंगळवारी विकते,
बाजारात दुसऱ्या कुणाकडे शेपूटही नसते तेव्हा.

सुताराचा भुसा पूर्वी लाटांत जायचा.
आता लाद्या झाकायला पोत्यानं विकतो तो,
आणि पोतं भरताना दाबून भरत नाही, चोर.

पुढं अराबाच्या चुलतभावानंच
पलीकडच्या गल्लीत दुसरं यंत्र मांडलं.
आठवडाभर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या.
मग भाव उतरवला,
आणि सहाऐवजी पहाटे चारला दार उघडू लागली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

आई गेली त्या रात्री भाऊ जहाजावर होता,
आबिजानपासून तीन दिवसांच्या वाटेवर.
आमच्यात मुलानं चेहरा पाहिल्याशिवाय माती देत नाहीत.
मी कुणाला काही बोलले नव्हते.
दार वाजलं. अराबा, डोक्यावर टोपलं,
मागं तिची दोन पोरं, त्यांच्या डोक्यावर टोपली.
चाळीस लाद्या. तिनं स्वतः रचल्या,
आईच्या पायांशी, कुशीशी, उशाशी,
भुसा हातानं झटकून.

मग कमरेची वही काढली आणि लिहिलं:
चाळीस लाद्या, माझं नाव, भाव.
पुरा भाव.

मी बघतच राहिले. रडणंसुद्धा थांबलं.
"आजसुद्धा?" मी म्हटलं.
तिनं पेन्सिल कानामागं खोचली.
"सवडीनं दे. पण दे.
उपकार डोक्यावर ठेवलेस
तर उद्या माझ्याशी घासाघीस कशी करशील?"

भाऊ तिसऱ्या दिवशी उतरला.
आईचा चेहरा गार होता, आणि आईचाच होता.

तारलीचा हंगाम आला तेव्हा मी पैसे द्यायला गेले.
उंबऱ्यात उभं राहून, सगळ्यांसमोर,
तावातावानं भांडले,
आणि दोन सेडी कमी करून घेतल्या.