छाट

टॉवेलचं परदेशी गिऱ्हाईक गड्डमशेठला
सिगारची पेटी देऊन गेलं.
शेठनं त्यातली एक माझ्याकडे धाडली, पोराच्या हाती,
वहीच्या कागदात गुंडाळून.
निरोप असा : राजेशममामा, तुम्ही तेवीस वर्षं विडीचे चेकर,
माल अस्सल आहे का तेवढं सांगा.
एकीची किंमत म्हणे आपल्या चार डझन टॉवेलांएवढी.

मी अंगणात खुर्ची टाकली.
विडी घरकुलात अंगण म्हणजे
मोरी आणि रस्ता यांच्यामधल्या साडेतीन फरश्या.
एप्रिल. संध्याकाळचे सात वाजले तरी
फरशी पाय टेकवू देत नव्हती.

आधी हाताला विचारायचं, नाकाला नंतर.
दोन बोटांत धरून कानापाशी फिरवली :
कुरकुरली नाही. पोटात गाठ नाही, पोकळी नाही.
वरचं पान एकच, शिरा बारीक,
जुन्या वहाणेच्या अंगठ्याखाली असतो तसा रंग.
दोरा मात्र कुठंच नाही.
एवढा माल दोऱ्यावाचून उभा राहतो
याचं मला जरा वाईटच वाटलं.

टोक कापायला बालमणीची कातरी घेतली,
पानं कापायची. धार अजून आहे.

पेटायला पाच काड्या गेल्या.
धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा,
हेही पोरानं सांगितलं होतं.
पहिल्या झुरक्याला विसरलो.
खोकला ऐकून शेजारचं कुत्रं उठून गेलं.

मग नीट.
सुरुवातीला मिरी, जिभेच्या शेंड्यावर.
बोटभर जळाल्यावर भांड्याला लागलेलं दूध,
त्याच्या मागून कॉफी,
आणि एकदाच, का कोण जाणे,
नव्या चादरीची घडी मोडताना येतो तो खळीचा वास.
राख पांढरी, पेराएवढी झाली तरी पडेना.
विडी दोन मिनिटं विसरा, विझलीच.
ही, मी विजेचं बिल दोनदा वाचलं, तोवर वाट बघत राहिली.
भरण पास. जळण पास.
तेवीस वर्षांत मनातल्या मनात
एवढ्या वेळा पास म्हणालो नव्हतो.

बालमणी हात पुसत बाहेर आली.
एकतीस वर्षं रोज हजार वळल्या तिनं, ओढली एकही नाही.
धुराकडं बघितलंसुद्धा नाही.
फरशीवर पडलेली टोपी उचलली,
नखानं उलगडली, मग माझ्या हातातलीचा सांधा बघितला.
"डाव्या हाताची आहे," म्हणाली.
"पान उलटं फिरलंय. आणि इथं कमी पडलं तिला,
ताणून घेतलंय."
तिला?
"मग काय, तुमच्यासारखे वळतात होय?"

जरा थांबून : "हजाराला काय देतात?"
मला माहीत नव्हतं.
"आणि छाट?"

छाट.
सुपात ओतलेल्या हजारातून मूठभर बाजूला करायचो मी :
तोंड सैल, दोरा तिरका, पान भेगाळलेलं,
कधी काहीच नाही,
नुसता ब्रँचचा आकडा भरायचा म्हणून.
पैसे कापायचे. विड्या परत द्यायच्या नाहीत.
त्याच विड्या पुढं दुसऱ्या लेबलात कुठंतरी खपायच्या.
लग्नाआधी दोन वर्षं
ती खिडकीच्या त्या बाजूला, मी या.
एकदा तिच्या साठ काढल्या होत्या.
मला वाटत होतं, मीच तेवढा विसरलो नाही.

शेवटचा तुकडा कडू लागला.
कडू होतोच म्हणतात, मालाचा दोष नसतो तो.
ही चिरडायची नसते, आपली आपण विझू द्यायची.
पानं कापायचा पत्र्याचा फर्मा पडला होता,
त्यावर ठेवून दिली.

पोरगा सायकलवरूनच ओरडला,
"शेठ विचारतायत, कशी आहे?"
अस्सल आहे म्हणावं, मी म्हणालो.

आतून भांड्यांच्या आवाजात बालमणी,
"डावरी आहे म्हणावं. तेवढं पण सांग जा."