उजवा अंगठा

नऊ कुप्या गेल्या. फ्रीजमध्ये आता दोन,
त्यातल्या एकीची मुदत मार्चात संपते.

ओस्त्रावात आम्ही अकरा जण.
व्लास्तिमिल ट्राम चालवतो, द्राहोमीरा दात काढते,
मी कोळशाच्या खाणीतून निवृत्त.
घरातल्या शेवटच्या खोलीत, दोन कुलपांआड,
प्रत्येकाकडे असं काहीतरी आहे
ज्याचं नाव शेजाऱ्यांपाशी काढत नाहीत.
प्रतिविष मात्र सामाईक:
वर्गणी काढून आणलेलं,
द्राहोमीराच्या दवाखान्यात भुलीच्या औषधांशेजारी ठेवलेलं.
किल्ल्या तीन. एक माझ्याकडे.

खाणीत उतरताना दिव्यांच्या खोलीत
पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचो,
वर आलो की काढून घ्यायचो.
पाळी संपल्यावर खिळ्यावर उरलेला बिल्ला म्हणजे
एक माणूस अजून खाली.
माझा, दोनशे चौदा, मी घरी आणला.
पेटीचं झाकण उघडण्याआधी दाराबाहेर अडकवतो.
यार्मिला स्वयंपाकघरातून बघत असते,
बटाटे सोलते, घड्याळ सोलते.

गुरुवारी रात्री अकराला झ्बिन्येकचा फोन आला.
थायलंडचा नाग. बोलताना जीभ जड.
मी चपलांवरच धावलो, बर्फात.
इस्पितळात पोचलो तेव्हा त्याच्या पापण्या
कुणीतरी दोरी सोडल्यासारख्या खाली येत होत्या.
"हुकावरून घसरला," तो म्हणाला,
"झाकण लावताना."
मग नळी घातली, मग तीन दिवस तो काहीच बोलला नाही.

काल तो परत आला, आमच्या नेहमीच्या टेबलावर.
सगळ्यांना बियर पाजली.
पुन्हा तेच: हूक, झाकण, घसरला.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
कुणी म्हणालं, हूकच बदल, टोक गुळगुळीत झालं असेल.
मी त्याचं बँडेज बघत होतो.
उजवा अंगठा.

हा पोरगा उजव्या हाताचा.
उजव्या हाताने ग्लास उचलतो, सही करतो, दार ढकलतो.
हूक उजव्या हातात असता
तर अंगठा आणि तोंड यांच्यामध्ये
हातभर लोखंड असतं.
म्हणजे हूक भिंतीवर होता.
आणि हातात, हूक सोडून, दुसरं काहीतरी.

हे मला का लगेच दिसलं, तेही सांगतो.

शहाण्णव साली माझी तर्जनी गेली, अर्धी.
गॅबूनची जाडी व्हायपर.
मी सगळ्यांना सांगितलं: पिशवी फाटली होती.
पिशवी धड होती.
मेहुणा आला होता, त्याला दाखवायला
मी मानेमागे पकडलं होतं, नुसत्या हाताने.
इस्पितळातून आल्यावर, यार्मिला झोपल्यावर,
पिशवी मी कात्रीने फाडली.
मग सगळ्यांनी दुहेरी पिशव्या शिवून घेतल्या.
द्राहोमीराच्या आईने सत्तर शिवल्या, डोळ्यांना चष्मा लावून.
जी फाट कुणाला चावली नव्हती
तिच्यावर आम्ही इतकी वर्षं टाके घालतोय.
आणि नुसत्या हाताने मानेमागे पकडू नका, हे
या टेबलावर कुणी कुणाला सांगितलं नाही.

मी अर्धं बोट टेबलावर ठेवलं.
म्हणालो, पिशवी फाटलेली नव्हती.
व्लास्तिमिल म्हणाला, मग कुणी फाडली?
मी. कात्रीने.
कुणीतरी हसलं आणि हसणं अर्ध्यात टाकलं.
फेस खाली बसत गेला.

द्राहोमीराने वही काढली,
जिच्यात कुप्यांचा हिशेब आणि दंशांची नोंद असते.
मागची पानं उलटत शहाण्णव शोधलं,
एका ओळीवर काट मारली, वर काहीतरी लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं नाही.
मग गुरुवारचं पान उघडून
वही टेबलाच्या मध्यावर सरकवली, पेनासकट.
"कसं झालं" या रकान्यात काही नव्हतं.

बराच वेळ.
ट्राम गेली, काचा थरथरल्या.
झ्बिन्येकने पेन उचललं, अंगठ्याने धरवेना,
डाव्या हातात घेतलं,
आणि पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर कोरत,
लिहायला लागला.

आम्ही कुणी वाचायला वाकलो नाही.
ओळ लांबत चालली होती.