बुटाचं गुपित

वडणग्याच्या दूध संस्थेची सभा.
केरबा चेचरनं मला तीन तास उभं केलं:
चहापाण्याला साडेचारशे कसे?
कप किती? साखर कुणाच्या दुकानची? पावती कुठाय?
मी सचिव. घाम पुसत
कपाटातून एकेक चिटोरं काढून दाखवलं.
तरी मागून कुणीतरी ओरडलंच, नामंजूर!

रात्री टीव्हीवर दिल्ली.
संरक्षणाच्या मागण्या. वेळ संपली,
चर्चेविना सगळ्या एकदम मताला.
याला गिलोटीन म्हणतात, निवेदिका म्हणाली
आणि हवामानाकडे वळली.
कॅल्क्युलेटर घेऊन बसलो,
काचेत शून्यं मावेनात.

मोहिमेला किती लागले, असं एका खासदारानं विचारलं होतं म्हणे.
लेखी उत्तर आलं:
देशहितास्तव सांगता येत नाही.

केरबाचा थोरला वर आहे, बर्फात.
कुठं, ते घरीही ठाऊक नाही.
फोनवर एवढंच बोलला:
बूट एक नंबर मोठा आलाय,
आत दोन मोजे घालतो, चालतंय.

सकाळी केरबा किटली घेऊन आला.
मी ते लेखी उत्तर सांगितलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"बंदुकीचं गुपित असू दे की, सचिव.
बुटाला कसलं आलंय गुपित?"

फॅट चार पॉइंट एक लागली.
त्यानं यंत्रावर वाकून
आकडा दोनदा वाचला
आणि मगच पुस्तक पुढं केलं.